ब्लॉकखालचं लग्न आणि मकचिकचं शिवणकाम

नमस्कार मंडळी! वेळ थोडा आहे म्हणून थेट व्हॉइड डेकवरच येते. सिंगापुरात एचडीबीत, म्हणजे सरकारी इमारतींत राहणाऱ्यांना माहितीये, शनिवार-रविवारी ब्लॉकखालच्या त्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, मलय लग्न लागलेलं असतं. आम्ही अकराव्या मजल्यावर, तरी कोम्पांगचा, म्हणजे त्यांच्या डफाचा आवाज घरात आला आणि मी तशीच खाली गेले. नवरा-नवरी जरीच्या सोंगकेतमध्ये सजवलेल्या आसनावर बसलेले, त्यांना त्या दिवशी म्हणतात 'राजा सेहारी', एका दिवसाचे राजे! राजा आपलाच की, आणि पोशाखाला मलयमध्ये 'बुसाना' म्हणतात ते आपलं भूषण, हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला काय सांगू.

पुढे शेजारच्या मकचिकनी, मकचिक म्हणजे आपली काकूच, मला सगळं समजावलं. मलयमध्ये बाजू म्हणजे कपडा. बायकांचा बाजू कुरुंग म्हणजे लांब सैल सदरा आणि खाली घोट्यापर्यंत काईन, लुंगीसारखा घेर. पुरुषांच्या बाजू मलायूला उभी कॉलर असेल तर तो चेकाक मुसांग, कमरेला साम्पिन, म्हणजे एक आखूड कापड गुंडाळायचं, डोक्यावर सोंगकोक टोपी. बिनकॉलरच्या गोल गळ्याला तेलोक बेलांगा म्हणतात, हो हो, आपलं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं स्टेशन आहे तेच, जोहोरचे राज्यकर्ते एकेकाळी तिथे राहायचे. त्या गळ्याच्या कडेला हाताने बारीक वीण घालतात, तिचं नाव तुलांग बेलुत, म्हणजे वाम माशाचा काटा. मकचिक चष्मा लावून ती घालत बसतात आणि मी बाजूला बसून नुसती बघते.

२०२४ मध्ये कबाया, म्हणजे बायकांचा पुढून उघडणारा ब्लाउज, युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला, सिंगापूर धरून ५ देशांनी मिळून मांडला होता, फार छान झालं. पण मला विचाराल तर हे कपडे टिकलेत ते दर ईदला अख्खं घर एका रंगात नवीन शिवतं म्हणून, त्याला सेदोन्दोन म्हणतात. मकचिकची सून पाठीला चेन असलेला कुरुंग घालून ऑफिसला जाते, मकचिकना ते चालतं, म्हणतात घालतेय ना, बास. मी त्यांना आपली शिवलेली नऊवारी दाखवली तर त्यांनी आधी उलटी करून शिवण बघितली आणि मग विचारलं, ही तू कधी कधी नेसतेस?

पाडव्याला, म्हटलं. आणि गणपतीत.

तर रमजान संपत आला की गेलांग सराईला जा, जू चियात कॉम्प्लेक्समध्ये कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. पोरांना घेऊन जा. यंदा मी मकचिकसोबतच जाणारे, त्यांना हिरवा हवाय.