कोणतं ॲप ठेवायचं, हे कोण ठरवतं?

मित्रहो, तंत्रज्ञान कंपन्या आणि राजकारण हा विषय निघाला की गाडी लगेच माणसांवर येते. कोणता कंपनीप्रमुख कोणत्या नेत्याच्या जवळचा, कोणी किती देणगी दिली, कोणाला कुठे बसवलं. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत मेटा, ॲमेझॉन, गूगल आणि ॲपलचे प्रमुख एकाच ठिकाणी दिसले. तो फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याची चर्चा व्हायलाच हवी. पण माणसं बदलतात, सरकारं बदलतात, दोस्त्याही बदलतात. मला काळजी वाटते ती न बदलणाऱ्या गोष्टीची. आपल्या फोनमध्ये कंपन्यांनी एक जागा अशी तयार करून ठेवली आहे, की तिथे एक निर्णय झाला की एखादं सॉफ्टवेअर एका रात्रीत अख्ख्या देशाला मिळेनासं होतं. ती जागा म्हणजे ॲप स्टोअर.

हाँगकाँगचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. 2019 मध्ये प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध तिथे मोठं आंदोलन पेटलं होतं. त्या काळात एचकेमॅप डॉट लाइव्ह नावाचा एक नकाशा लोकांच्या हातात आला. रस्त्यावरची माणसं माहिती पाठवायची आणि ती नकाशावर छोट्या चित्रांतून दिसायची. कुत्र्याचं चित्र म्हणजे पोलीस, पिवळी टोपी घातलेला कामगार म्हणजे आंदोलक. अश्रुधूर कुठे आहे, कोणता रस्ता टाळायचा, हे घरी परतणाऱ्या साध्या माणसालाही त्यातून कळायचं. ॲपलने हे ॲप आधी नाकारलं, मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंजूर केलं. त्यानंतर चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या मुखपत्राने ॲपलवर कडक टीका केली आणि एक-दोन दिवसांतच ॲप स्टोअरवरून गेलं. पोलिसांना गाठून हल्ले करण्यासाठी त्याचा वापर होतो, असं कारण कंपनीने दिलं. ज्याने ते बनवलं होतं त्याने हा आरोप नाकारला.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ॲप गेलं, पण नकाशा गेला नाही. तोच नकाशा वेबसाइट म्हणूनही होता आणि तो त्याच आयफोनच्या ब्राउझरमध्ये उघडत राहिला. फोन तोच, माहिती तीच, माणसंही तीच. एका वाटेवर परवानगी देणारा कोणीतरी बसला होता, दुसऱ्या वाटेवर तसा कोणी नव्हता.

दोन वर्षांनी हेच रशियात घडलं. 17 सप्टेंबर 2021 ला तिथल्या संसदेच्या निवडणुकीचं मतदान सुरू झालं आणि त्याच दिवशी तुरुंगात असलेले विरोधी नेते ॲलेक्सी नव्हाल्नी यांच्या गटाचं ‘स्मार्ट व्होटिंग’ ॲप ॲपल आणि गूगल या दोघांच्याही स्टोअरवरून गायब झालं. तुमच्या मतदारसंघात सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला हरवण्याची सर्वात जास्त शक्यता कोणाची, एवढंच ते ॲप सांगत होतं. कंपन्यांच्या रशियातल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी देण्यात आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये रशियाने एक कायदा केला होता: रोज पाच लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या परदेशी कंपनीने देशात कार्यालय उघडलंच पाहिजे. अशा कायद्यामागे रास्त कारणंही असतात. कर वसूल करायचा असतो, कोर्टाची नोटीस बजावायला पत्ता लागतो. पण कार्यालय आलं की अटक करता येतील अशी माणसंही आली. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. आपल्या सहकाऱ्याला तुरुंगात पाठवून तत्त्व जपा, असं कोणत्याही व्यवस्थापकाला सांगणं मला जमणार नाही. माझा आक्षेप आहे तो ज्या रचनेमुळे त्यांच्यावर ही वेळ आली त्या रचनेवर.

हाँगकाँग आणि मॉस्को म्हटलं की आपल्याला वाटतं, हा हुकूमशाहीचा प्रश्न आहे. तसं नाही. 2 ऑक्टोबर 2025 ला अमेरिकेत ‘आइसब्लॉक’ नावाचं ॲप ॲपलने काढून टाकलं. स्थलांतरितांवर कारवाई करणारे सरकारी अधिकारी आसपास दिसले तर त्याची खबर लोक त्यावर एकमेकांना द्यायचे. ते काढण्याची मागणी अमेरिकेच्या न्याय खात्यानेच केली होती आणि ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. कारण जवळजवळ हाँगकाँगचंच होतं: अधिकाऱ्यांच्या जिवाला धोका. हे ॲप फक्त आयफोनसाठी होतं. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांच्या फोनवर ते राहिलं, नव्या माणसाला मात्र ते मिळेना.

आता याच्या उलट बाजूचं पाहू. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या संसद भवनावर हल्ला झाला. त्यानंतर काही दिवसांतच उजव्या विचारांच्या लोकांत लोकप्रिय असलेलं ‘पार्लर’ हे समाजमाध्यमाचं ॲप गूगल आणि ॲपल दोघांनीही काढलं, ॲमेझॉनने त्याचे सर्व्हर बंद केले. तिथे सरकारी आदेश नव्हता, कंपन्यांनीच ठरवलं. तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी बरेच जण आइसब्लॉकच्या वेळी संतापले. आणि पार्लरसाठी अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या नावाने रान उठवणारे बरेच जण आइसब्लॉकच्या वेळी गप्प बसले. मला दोन्ही बाजूंना एवढंच म्हणायचंय: ज्या अधिकाराचा वापर आज तुमच्या विरोधकावर होतोय, तो उद्या त्याच्या हाती जाणारच आहे. निवडणुका त्यासाठीच असतात.

हा अधिकार नेमका बसलाय कुठे, हे समजून घ्यायला थोडं फोनच्या आत डोकवावं लागेल. आयफोनवर कोणताही प्रोग्राम सुरू होण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम त्याची डिजिटल सही तपासते. त्या सहीची साखळी शेवटी ॲपलपर्यंत पोहोचली तरच प्रोग्राम चालतो. सही नसेल किंवा रद्द केलेली असेल तर तो चालत नाही, मग फोनचे पैसे तुम्ही भरलेले असोत की आणखी कोणी. म्हणजे फोन हातात आपल्या, पण त्यावर काय चालेल याचा शेवटचा शब्द दुसऱ्याचा.

पूर्वी असं नव्हतं. 18 मे 1998 ला अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजमध्ये घुसवून आणि कंप्युटर बनवणाऱ्यांवर दबाव आणून नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरला संपवण्याचा तो आरोप होता. 2001 मध्ये अपील कोर्टाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश फिरवला, पण मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. कंपनीची दांडगाई खरीच होती. तरीही तुम्ही स्वतः नेटस्केप उतरवून घेतलं, तर ते तुमच्या कंप्युटरवर चालू न देण्याची सोय मायक्रोसॉफ्टकडे नव्हती. आणि कंपनीकडेच सोय नव्हती, म्हणून कोणत्याही सरकारला ‘हा प्रोग्राम सगळ्यांसाठी बंद करा’ असं मायक्रोसॉफ्टला सांगून उपयोग नव्हता.

जे कंपनीला करताच येत नाही, ते सरकारला तिच्याकडून करून घेता येत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेला कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडायचा होता. पासकोड ॲपलकडे नव्हता. त्यामुळे सुरक्षा सैल करणारं नवं सॉफ्टवेअर लिहा, असा आदेश एफबीआयला कोर्टाकडून मिळवावा लागला. ॲपलने विरोध केला, जगभर वाद झाला, आणि शेवटी एफबीआयने दुसऱ्या मार्गाने फोन उघडून अर्ज मागे घेतला. म्हणजे जिथे किल्ली नव्हती तिथे उघड वाद झाला, कोर्ट बसलं, लोकांना कळलं. ॲप स्टोअरच्या बाबतीत एक पत्र किंवा एक फोन पुरतो. हाँगकाँगमध्ये झुकणारी आणि एफबीआयसमोर उभी राहणारी कंपनी एकच आहे, हे लक्षात घ्या. फरक कंपनीच्या धैर्याचा कमी आणि रचनेचा जास्त आहे.

यावर सुरक्षेचा मुद्दा येतो आणि तो खरा आहे. खोट्या कर्जाची ॲप्स, बँकेची नक्कल करणारी ॲप्स, स्क्रीन दुसऱ्याच्या हवाली करणारी ॲप्स यांनी लोकांची आयुष्यभराची बचत नेली आहे. फाइल कुठून आली हे ओळखणं प्रत्येकाला जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षा करणंही क्रूर आहे. म्हणून तपासून दिलेलं भांडार हवंच. पण तपासलेलं भांडार वेगळं आणि ते सोडून दुसरं काही चालणारच नाही ही सक्ती वेगळी. डेबियन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम अनेक वर्षं हेच करत आली आहे: सही केलेली पॅकेजेस अधिकृत भांडारातून येतात, सही जुळली नाही तर सिस्टीम हटकते, आणि तरीही मालकाला दुसरं भांडार, त्याची सही तपासणाऱ्या किल्लीसह, जोडता येतं. ॲपलच्याच मॅक कंप्युटरवरसुद्धा अनोळखी प्रोग्राम इशारा देऊन अडवला जातो, पण मालकाने ठरवलं तर चालतो. त्याच कंपनीला मॅकवर जे परवडतं ते फोनवर का परवडत नाही, याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्याने इथे पहिला धक्का दिला. मार्च 2024 पासून युरोपात आयफोनवर दुसरी ॲप स्टोअर्स आली. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण त्या स्टोअरमधल्या प्रत्येक ॲपलाही ॲपलची तपासणी आणि सही लागतेच. कायदा स्पर्धेसाठी लिहिला गेला, त्यामुळे कमिशन, शुल्क, ग्राहकाला बाहेरच्या दुकानाची माहिती देण्याचा हक्क यांवर तो नेमकेपणाने बोलतो. व्यापाऱ्याची अडचण त्याने ओळखली, नागरिकाची अर्धवट. आणि सरकारं सगळीकडे कुलपं काढायलाच निघाली आहेत असंही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रिटिश सरकारच्या गुप्त आदेशाची बातमी आल्यानंतर ॲपलने आयक्लाउडची सर्वात भक्कम एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवण्याची, सोय तिथल्या लोकांसाठी बंद केली.

आता अँड्रॉइड. इतकी वर्षं आपण म्हणत आलो की निदान अँड्रॉइडवर बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, आणून टाकता येते. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं की सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर कोणतंही ॲप टाकायचं तर त्याच्या डेव्हलपरने गूगलकडे ओळख नोंदवलेली असली पाहिजे, ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून आलं असलं तरी. हळूहळू हे इतरत्रही नेण्याचा बेत आहे. ओरड झाल्यावर, जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं कंपनीने नोव्हेंबरमध्ये सांगितलं.

तुमच्यापैकी जे प्रोग्रामिंग करतात, कायदा शिकतात किंवा पक्षांत काम करतात, त्यांनी या वेगळ्या वाटेकडे बारीक लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. ती वाट गूगलच्या सर्व्हरला न विचारता, फोनवरच्या फोनवर पुरी होते का? आणि उद्या एखाद्या सरकारने ती बंद करायला सांगितली, तर गूगलला ती अपडेट पाठवून बंद करता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असावं, हे नियमांत लिहून घेण्यासाठी खासदारांना आणि नियामकांना पत्रं लिहा. या नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात तेव्हा कंपन्यांचे वकील पानंच्या पानं पाठवतात. तिथे आपलीही पानं पोहोचली पाहिजेत.