विचारण्याची मुभा, लिहिण्याची सवड: उन्हाळी इंटर्नशिप आणि एक पंप

अध्यक्ष महोदय, गुरुजनहो आणि येत्या उन्हाळ्यात प्रथमच कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

‘अभियांत्रिकी शिक्षणात इंटर्नशिपचे स्थान’ हा विषय मला देण्यात आला आहे आणि त्यावर तीन सूचना मांडण्याचे मी संयोजकांपाशी कबूल केले आहे. त्या मी मांडीनच. परंतु त्याआधी एका पंपाची हकिगत सांगायची आहे, कारण ज्या विचारासाठी मी येथे उभा आहे तो मला त्या पंपापाशी सुचला. कारखान्यात इंटर्न हा एकमेव माणूस असा असतो की ज्याला कोणालाही काहीही विचारण्याची मुभा असते आणि ऐकलेले-पाहिलेले लिहून ठेवण्याची सवडही असते. अनुभवी फिटरला उत्तर ठाऊक असते, पण लिहायला वेळ नसतो. अभियंत्याला अहवाल लिहावे लागतात, पण ‘हे असे का?’ असे विचारायला तो अनेकदा संकोचतो, कारण ते त्याला ठाऊक असायला हवे अशी सर्वांची अपेक्षा असते. आपल्याकडून तशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि आठ आठवडे पुरेल एवढे ते मोठे भांडवल आहे.

पहिल्या आठवड्यात मात्र मला हे भांडवल वाटले नव्हते. मेंटेनन्स विभागात मला एक खुर्ची मिळाली, समोर कपाट होते आणि ‘सध्या मॅन्युअल वाचत बसा’ एवढीच सूचना होती. त्या विभागाकडे माझ्यासाठी काम नव्हते आणि काम नाही हे सांगण्याइतकाही वेळ कोणाकडे नव्हता. तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला हा आठवडा येणार आहे. त्याने खचू नका आणि मॅन्युअल खरोखर वाचा, हे मी मनापासून सांगतो आहे. शाफ्ट (फिरता दांडा), सील, बेअरिंग (त्या दांड्याला आधार देणारी कडी) यांची जी नावे आपण परीक्षेपुरती लिहिली, ती तेथे आकड्यांसह भेटतात. बेअरिंगवरचा ६३०८ हा क्रमांक मी तोपर्यंत केवळ एक क्रमांक समजत होतो. त्यातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, म्हणजे ४० मिलिमीटर, हे मला त्या कपाटाने शिकवले. (०४ पासून पुढे हा नियम चालतो, त्याहून लहान बेअरिंगांचा हिशेब वेगळा आहे. येथे जे हसत आहेत, त्यांनी ६२०५ चा आतला व्यास मनातल्या मनात काढावा आणि मगच हसावे.)

दुसऱ्या आठवड्यात तापवलेले तेल फिरवणाऱ्या एका पंपाचे बेअरिंग गेले. सुपरवायझर वैतागून म्हणाले, ‘हे पुन्हा गेले.’ ‘पुन्हा’ म्हणजे कितव्यांदा, असे मी विचारले, तेव्हा कोणालाच नक्की सांगता येईना. मग मी लॉगबुक घेऊन बसलो आणि मागील तीन वर्षांची पाने उलटली. आधीच्या दोन वर्षांहून अधिक काळात एकच बेअरिंग बदललेले होते, तर गेल्या पाच महिन्यांत हे तिसरे होते. तेल तेच, मोटर तीच, बेअरिंगचा क्रमांकही तोच. पाच महिन्यांपूर्वी एवढाच बदल झाला होता की त्या पंपाची जोडणी वर्षानुवर्षे करणारे फिटर काका निवृत्त झाले होते.

यावर कोणालाही वाटेल की नव्या माणसांच्या कामात कसूर असावी. मलाही तसेच वाटले होते आणि तो अंदाज साफ चुकीचा निघाला. नव्या फिटरांनी प्रत्येक वेळी डायल गेज (काट्याने सूक्ष्म अंतर दाखवणारे मापक) लावून अलाइनमेंट केली होती, म्हणजे मोटर व पंप यांचे शाफ्ट एका रेषेत आणले होते, तिचे कागद स्वच्छ भरलेले होते आणि मोटर व पंप यांच्या मध्यरेषांतील फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत होता. मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या यंत्राला काही शतांश मिलिमीटर इतकाच फरक चालतो, तेव्हा हे काम चोख होते. त्यापूर्वीच्या दोन वर्षांचा, म्हणजे पंप सुरळीत चालला त्या काळाचा, अलाइनमेंटचा एकही कागद फाइलमध्ये नव्हता.

येथे पहिल्या आठवड्यातील वाचन कामी आले. मॅन्युअलमध्ये एका कोपऱ्यात छापले होते की उष्ण द्रवासाठी पंप वापरल्यास तो चालू तापमानाला आल्यानंतर अलाइनमेंट पुन्हा तपासावी. कागदांवरची सर्व मापे यंत्र थंड असताना घेतलेली होती. हा पंप पायांवर उभा राहणारा होता आणि पायांपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची ३५० मिलिमीटर होती. सुपरवायझरांच्या परवानगीने, त्यांच्याच देखरेखीखाली मी चालू पंपाची तापमाने घेतली. मध्यरेषेपाशी सुमारे ११० अंश आणि पायांपाशी सुमारे ६० अंश, म्हणजे मधल्या धातूची सरासरी ८५ अंश सेल्सिअस. अलाइनमेंट झाली तेव्हा तोच धातू ३० अंशांवर होता. ओतीव लोखंड दर अंशाला, दर मीटरमागे साधारण शतांश मिलिमीटरने वाढते. हा गुणाकार तुम्ही अकराव्या इयत्तेतच शिकला आहात: ०.३५ मीटर, ५५ अंश, ०.०१०५ मिलिमीटर. उत्तर येते ०.२ मिलिमीटर. थंड असताना मोटरच्या बरोबरीत बसवलेला पंप तापला की वर उचलला जात होता आणि मोटर जवळजवळ तेथेच राहत होती.

माझ्या आकडेमोडीवर कोणी विसंबावे असे मलाही वाटत नव्हते, म्हणून पुढच्या वेळी पंप थांबताच, तो निवण्याआधी, फिटरांनी कपलिंगवर (मोटर व पंप यांचे शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) डायल गेज बसवला. मी जवळ उभा होतो. शाफ्ट हळूहळू अर्धा फेरा फिरवला, काटा सरकत गेला आणि वरच्या व खालच्या वाचनांत ०.३६ चा फरक आला. मी वहीत ‘मध्यरेषांतील फरक ०.३६’ असे लिहिले. शेजारच्या फिटरांनी वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, ‘निम्मे कर. काटा दोन्ही बाजूंचा फरक दाखवतो.’ वर्तुळाच्या कडेवर घेतलेले वाचन मध्यरेषांतील अंतराच्या दुप्पट असते, हे भूमितीने क्षणात पटते. परंतु ते मला त्या वाक्याआधी कोणी शिकवले नव्हते. खरा फरक होता ०.१८, आणि गणिताने ०.२ सांगितले होते. त्या ०.३६ वर मारलेली काट वहीत अजून आहे आणि ती तशीच राहावी, अशी माझी इच्छा आहे.

मित्रहो, एवढ्याशा फरकाने बेअरिंग का जावे, हे सांगणे आवश्यक आहे. कपलिंगच्या दोन बाजू एका रेषेत नसल्या की प्रत्येक फेऱ्यात शाफ्टवर आडवा ताण येतो आणि तो बेअरिंगला झेलावा लागतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश उरते. हे सूत्र आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, मी ते परीक्षेत लिहून पूर्ण गुणही मिळवले आहेत. मात्र फुटलेल्या बेअरिंगची बाहेरची कडी हातात घेऊन तिच्या आतल्या धावपट्टीवर एकाच बाजूला उमटलेला खरबरीत पट्टा बोटाने चाचपून पाहिला, तेव्हा तो घन म्हणजे काय ते कळले.

चौथ्या आठवड्यात निवृत्त फिटर काका काही कागदपत्रांसाठी कार्यालयात आले. सुपरवायझरांनी माझी ओळख करून दिली आणि मी त्यांना विचारले, ‘काका, तुमच्या वेळी हा पंप दोन वर्षे कसा चालत होता?’ त्यांना या प्रश्नाचे आश्चर्य वाटले नाही. ते म्हणाले, ‘तो तापला की वर येतो. मोटरखाली मी दोन पत्रे जास्त ठेवायचो.’ पत्रे म्हणजे शिम. त्यांची जाडी मी विचारली. एकेक ०.१ मिलिमीटरचे. दोन मिळून ०.२. हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवले होते, त्यांनी गुणाकार कधी केला नव्हता आणि तो करण्याची त्यांना गरजही पडली नव्हती. इतकी वर्षे हे ज्ञान त्या कारखान्यात होते, रोज कामावर येत होते, आणि ज्या दिवशी ते घरी गेले त्या दिवशी कारखान्यातून नाहीसे झाले. ‘हे कोणाला सांगितले नव्हते का?’ असे मी विचारले. ‘कोणी विचारले नाही,’ असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र ते उत्तर फार लागले.

शिम ठेवून नव्याने अलाइनमेंट झाली, त्याचा कागद बनला आणि ‘थंड स्थितीत मोटर ०.२ मिलिमीटर वर’ हे वाक्य त्यावर प्रथमच लिहिले गेले. माझ्या उरलेल्या तीन आठवड्यांत बेअरिंग बदलावे लागले नाही. अर्थात पुरावा म्हणून तीन आठवडे अपुरे आहेत, हे मी जाणतो.

यानंतर मी परत आलो, आणि माझी तक्रार येथून सुरू होते. माझ्याकडून किमान ४० पानांचा अहवाल मागितला गेला: कंपनीचा इतिहास, अधिकाऱ्यांची उतरंड, उत्पादनांची यादी, सुरक्षा धोरण, आभार. ही सर्व माहिती छापील पुस्तिकेत मिळते आणि बहुतेक अहवालांत ती तेथूनच उतरते. पंपाची हकिगत मी त्यात तीन पानांत बसवली. तोंडी परीक्षेत मला कंपनीची स्थापना कधी झाली हे विचारण्यात आले, बांधणीचा रंग नियमात बसत नसल्याचे सांगण्यात आले आणि प्रमाणपत्रावरील शिक्का तपासण्यात आला. बेअरिंगबद्दल कोणी विचारले नाही. परीक्षकांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर त्या दिवशी साठ अहवाल होते. परंतु जी पद्धत आठ आठवड्यांतील एकमेव शिकलेली गोष्ट विचारातच घेत नाही, ती बदलली पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे; पाच मिनिटे उरली आहेत, म्हणून कबूल केलेल्या तीन सूचना आता घाईने मांडतो.

पहिली सूचना अशी की अहवालाऐवजी तारीखवार लिहिलेली, शिवलेली, पाने न फाडलेली वही मागावी. तिच्यात मोजमापे असावीत, कोणाला काय विचारले आणि त्याने काय सांगितले ते असावे, खोडलेले आकडेही असावेत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कोणतेही एक पान उघडावे आणि त्यावरच प्रश्न विचारावेत. उतरवून काढलेली वही त्या कसोटीला पाच मिनिटेही टिकणार नाही.

दुसरी सूचना, वही विभागात जपावी आणि त्याच कारखान्यात पुढच्या वर्षी जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती वाचूनच जावे. यासाठी कंपनीची लेखी संमती हवी आणि गोपनीय ते वगळायला हवे. माझ्या वहीतून यंत्रांचे क्रमांक आणि दोन आकृत्या काढल्या गेल्या. त्याने काही बिघडले नाही.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला सर्वांत कमी वेळ उरला आहे. उन्हाळ्यात एकदाच, एका दमात आठ आठवडे, ही मांडणीच तपासावी. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांसह जी योजना सुरू केली, तीत विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात जात. तसे असते तर ०.३६ निम्मे का करायचे, हा प्रश्न घेऊन मी पुढच्याच आठवड्यात वर्गात आलो असतो आणि साठ जणांनी तो मिळून सोडवला असता. सबंध सत्राची फेररचना लगेच होणार नाही, हे मान्य आहे. निदान आठपैकी चौथा आठवडा महाविद्यालयात घालवावा, प्रत्येकाने एक न सुटलेला प्रश्न आणावा आणि प्राध्यापकांसमोर ठेवावा, एवढे तर याच वर्षी जमेल.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही, म्हणून वही येथे मेजावर ठेवतो आहे. पंपाची आकडेमोड पान ३१ वर आहे. तीत पायांपाशी धरलेले ६० अंश हे एकाच दिवसाचे, एकाच पायाचे माप आहे, उरलेल्या तीन पायांची तापमाने घ्यायची राहिली, आणि मोटर स्वतः तापून किती वाढते ते मी शून्य धरले आहे. त्या कारखान्यात यंदा तुमच्यापैकी जो कोणी जाणार असेल, त्याने मला नंतर भेटावे. थर्मामीटर कोणाकडे मागायचा आणि चालू पंपाजवळ जाण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची, ते मी सांगतो.