सेलर बोलेना, मग काय करायचं?

(महालक्ष्म्या उठल्या त्यानंतरच्या रविवारी परभणीत नाणी जमवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

बसा बसा, पुढं जागा आहे. माईक नको, एवढ्याशा खोलीत ऐकू जातंय. मला सांगितलंय की ऑनलाइन लिलावावर बोला, पण बोली कशी लावायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, शेवटच्या दहा सेकंदात भाव मारणारे इथंच बसलेत, दिसायलेत मला. मी बोलणार त्याच्या नंतरचं. लॉट जिंकला, पैसे गेले, आणि सेलर गप. मेसेज वाचतो, उत्तर काही देईना.

आपला मोंढा आठवा, धान्याचा बाजार. सोयाबीनचा ढीग समोर, व्यापारी मूठभर दाणे हातात घोळवतोय आणि मधे अडत्या उभा. तिथं माल कुठं पळतोय, पायाशीच पडलाय, भ्या असतंय ते पैशाचं, व्यापारी बुडवतो का काय. ऑनलाइनला बरोबर उलटं, पैसे आधी जातात अन् माल कुठं राजकोटला नाहीतर लंडनला. अडत्याच्या जागी साइट आहे, पण अडत्यानं पैसे अडवले तर आपण त्याच्या दुकानात जाऊन गादीवर बसतो, चहा पितो, उठत नाही. साइटच्या गादीवर कसं बसणार? तिथं बसायचं म्हणजे तिनं दिलेल्या तारखेच्या आत तक्रार टाकायची, दुसरं काही चालत नाही.

माझंच सांगतो. 2021 मधे एका साइटवर मी मोगलांचा रुपया घेतला, खुजिस्ता बुनियाद टांकसाळीचा, म्हणजे आपल्या औरंगाबादचाच. 6,200 रुपये. सेलर म्हणला दोन दिवसात पाठवतो सर. मग आठ दिवस गेले, पंधरा गेले, मी आपला "नमस्कार सर, पार्सल निघालं का" एवढंच. तेवढ्यात दिवाळी आली, मला वाटलं सणासुदीचं कशाला माणसाला त्रास द्यायचा, आणि मी त्याला शुभेच्छा पाठवल्या. हसू नका! माझे 6,200 दाबून बसलेल्या माणसाला मी पणतीचा फोटो पाठवला आणि त्यानं तो पाहिला, खाली वेळसुद्धा दिसत होती, रात्रीचे 11:40. मग तक्रार करायला गेलो तर मुदत संपून चार दिवस झालेले. आमची आजी म्हणायची भीड भिकेची बहीण, मला ते त्या रात्री कळलं.

त्यामुळं लॉट जिंकला की मी आता पहिलं काम काय करतो तर घरात महालक्ष्मीचं कॅलेंडर टांगलेलं आहे त्याच्यावर दोन तारखा लिहितो, पार्सल कधी यायला पाहिजे आणि तक्रारीची शेवटची कुठली. ईबेवर, म्हणजे त्या परदेशी लिलावाच्या साइटवर, घेतलं असेल तर डिलिव्हरीची जी अंदाजे तारीख दाखवतात ती उलटली की "वस्तू मिळाली नाही" म्हणून टाकता येतं, त्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत. सेलरला उत्तराला कामाचे 3 दिवस. नाही दिलं तर ईबेला मधे पडा म्हणायचं, पण ते तुम्ही म्हणायचं, आपोआप कोणी येत नाही. पेपॅलनं, म्हणजे त्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेनं, पैसे दिले असतील तर दिल्या दिवसापासून 180 दिवस, पण त्यात एक मेख आहे, डिस्प्यूट, म्हणजे सेलरशी वाद आहे एवढी नोंद, टाकून नुसतं बसलात आणि 20 दिवसात तो क्लेममधे नेला नाहीत, म्हणजे पेपॅललाच निकाल द्या म्हणला नाहीत, तर तो बंद होतो आणि परत उघडत नाही. आपले निम्मे लोक तिथंच अडकतात, तक्रार केली की काम झालं असं वाटतं.

आणि गप बसलेला सेलर तक्रार पडली की एकदम बोलायला लागतो बघा, अगदी गोड. "सर केस मागे घ्या, माझं रेटिंग खराब होईल, उद्याच पाठवतो." मागं घ्यायची नाही. त्याला लिहायचं, पाठवा की, मिळालं की लगेच बंद करतो. त्यात काय वाईट दिसतंय? काहीजणांना वाटतं तोही आपल्याला वाईट शेरा देईल, तर ईबेवर 2008 पासून सेलरला खरेदीदाराला निगेटिव्ह देताच येत नाही.

दुसरा प्रकार आणखी बेरकी. ट्रॅकिंग नंबर येतो, बघितलं तर परभणीत डिलिव्हर्ड. माझ्याकडं तर काहीच नाही! बायकोला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, शेवटी पोस्टात गेलो, तिथल्या मॅडमनी नंबर टाकून बघितला, म्हणल्या हे 20 ग्रॅमचं पाकीट आहे, तुमच्या नावाचंच नाही, गावातल्या दुसऱ्याच माणसाला गेलंय. म्हणजे गाव खरं, पिन खरा, फक्त माणूस वेगळा, साइटला वाटावं की माल पोचला. मॅडमकडून तेवढं लिहून घेतलं, शिक्का मारून घेतला, फोटो टाकला, आणि पैसे परत आले.

हे सगळं साइटवर पैसे दिले तर. "बाहेर या, कमिशन वाचतंय, दोनशे कमी करतो" म्हणून यूपीआय केलं तर साइट हात वर करणार आणि तिचं चूक नाही. फसवणूकच असेल तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन, दुसऱ्या दिवशी नाही. आणि भारतातली साइटच ऐकेना झाली तर 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासात पोच द्यायची, महिनाभरात निकाल लावायचा. नाही लावला तर 1915, ग्राहक हेल्पलाइन. ग्राहक आयोगात सुद्धा जाता येतं, आपल्या परभणीतच, 5 लाखापर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत.

बरं, गप बसणारा प्रत्येकजण चोर नसतो हेही खरं. एकदा महिनाभर गायब असलेल्यानं नाणं पाठवलं, सोबत चिठ्ठी, वडील वारले होते. पण माझी तक्रार त्याच्यावर चालूच होती, आणि त्याला काही राग नव्हता, त्यानंच लिहिलं होतं की पार्सल मिळालं की बंद करा.

हां, मागून काका काहीतरी विचारायलेत. इंग्लंडचा सेलर, पेपॅलनं पैसे दिलेत, अजून वाट बघायलो म्हणताय. कधी दिले? होळीच्या सुमाराला? काका, होळीपासून आज 170-175 दिवस होत असतील. फोन काढा आधी. होळीच्या आधी दिले का नंतर? थांबा सगळे, जरा बघू द्या त्यांना.