उसन्या चाली आणि तबकडीवरची नावे

मित्रहो, जॅझच्या जुन्या तबकड्यांची देवघेव करणारी माणसे रेकॉर्ड ऐकण्याआधी ती उजेडात तिरपी धरून पाहतात. खाचा संपतात आणि लेबल सुरू होते त्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक, कोरलेला असतो, आणि अनेक कंपन्यांच्या तबकड्यांवर त्याच्या शेजारीच तो त्या रचनेचा कितवा टेक, म्हणजे कितव्यांदा केलेले ध्वनिमुद्रण, आहे हेही एखाद्या आकड्याने दाखवलेले असते. बाहेरच्या माणसाला हा छांदिष्टपणा वाटतो. पण जॅझमध्ये एकाच दुपारी, त्याच वादकांनी, तीच रचना दोनदा वाजवली तर त्या दोन वेगळ्या कलाकृती ठरू शकतात, त्यामुळे संग्राहकाच्या लेखी तो आकडा म्हणजे अर्धी ओळख असते. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात घडले ते कोणाच्या हातून घडले, हे कळायला 1930च्या दशकापर्यंत फारसे साधन नव्हते, कारण लेबलवर गाण्याचे नाव आणि बँडप्रमुखाचे नाव एवढेच छापण्याची रीत होती.

ही रीत बदलायला हौशी माणसांनी हातभार लावला. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेब्लर यांचे कमोडोर म्युझिक शॉप होते. कंपन्यांनी बाजारातून काढून टाकलेल्या ध्वनिमुद्रिका ते पुन्हा छापवून घेत आणि नव्या लेबलवर कॉर्नेटवर कोण, क्लॅरिनेटवर कोण, पियानोवर कोण अशी वादकांची नावे देत. इकडे पॅरिसमध्ये शार्ल दलोने यांनी 1936 साली जॅझच्या तबकड्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली. पत्रव्यवहार, विचारपूस आणि निव्वळ कानाच्या भरवशावर केलेले हे काम आहे. त्यात चुकाही होत्या, आणि त्या दुरुस्त करण्यात पुढच्या पिढ्यांनी आनंदाने भांडणे केली. आज मला एवढेच मांडायचे आहे की जॅझमधली उसनवारी आणि जॅझमधले बोचरे विडंबन यांवरचे वाद नुसत्या अभिरुचीने सुटत नाहीत. कोणाकडून घेतले, कोणाच्या नावावर लावले आणि कोणावर रोखले, ही तीन उत्तरे हातात आल्यावरच त्या वादांना तोंड फुटते, आणि ती उत्तरे आपल्याला बहुतांशी या तबकडीवेड्यांमुळे मिळालेली आहेत.

त्यांचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक गोरे असलेले हे संग्राहक कृष्णवर्णीय वस्त्यांमधून दारोदार हिंडत, जुन्या तबकड्या आहेत का म्हणून विचारत आणि काही सेंटांत त्या विकत घेत. विकणाऱ्याला घरातली अडगळ गेल्याचे समाधान मिळे, घेणाऱ्याच्या हाती मात्र पुढे मोलाची ठरणारी वस्तू येई. ज्यांनी संगीतातल्या उसनवारीचा इतका बारीक हिशेब मांडला, त्यांच्या स्वतःच्या व्यवहाराचाही हिशेब मांडायला हवा.

आता एका तबकडीकडे जवळून पाहू. 26 नोव्हेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय या कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी ‘को-को’ वाजवले. त्या सत्राचा एक अर्धवट टेक पुढे प्रसिद्ध झाला. त्यात सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांची सुरुवातीची झपाट्याची सुरावट होते, आणि मग दोघे सरळ ‘चेरोकी’ या लोकप्रिय गाण्याची चाल वाजवू लागतात. लगेच शिट्टी आणि टाळी ऐकू येते, वादन थांबते. पूर्ण झालेल्या टेकमध्ये ती चाल नाहीच. सुरुवातीची सुरावट संपताच पार्कर थेट स्वतःच्या कल्पनाविस्ताराकडे झेपावतात. खाली ‘चेरोकी’चा स्वरसंगतींचा (कॉर्ड्सचा) क्रम तसाच चालू राहतो, वर मात्र मूळ गाण्याचा मागमूस उरत नाही.

यामागचे कारण कलेइतकेच पैशाचेही असावे, असा जाणकारांचा कौल आहे. अमेरिकेच्या कायद्यात चाल आणि शब्द ही मालमत्ता मानली जाई, स्वरसंगतींचा क्रम सहसा मानला जात नसे. 1909च्या कायद्याने ठरवलेला मोबदला एका प्रतीमागे एका रचनेला दोन सेंट असा होता. मूळ चाल वाजवली तर ते दोन सेंट गीतकार-संगीतकाराच्या प्रकाशकाकडे जाणार. चाल गाळून नवे नाव दिले की ती नवी रचना ठरते. या युक्तीवर बीबॉपचा, म्हणजे पार्कर आणि त्यांच्या सोबत्यांच्या वेगवान जॅझशैलीचा, मोठा भाग उभा आहे. संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या 1930 सालच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’च्या सांगाड्यावर किती रचना बेतल्या गेल्या याची मोजदाद करणे अवघड आहे. याला चोरी म्हणणारे रसिक तेव्हाही होते, आजही आहेत. माझे मत उलट आहे. ज्यातून पार्कर यांनी सांगाडा उचलला, ते ‘चेरोकी’ हे रे नोबल नावाच्या इंग्रज संगीतकाराने 1938 साली रचलेले प्रेमगीत. अमेरिकेतल्या एका मूळ जमातीचे नाव त्याने केवळ रंगत म्हणून वापरले, त्या जमातीच्या संगीताशी गाण्याचा काडीचा संबंध नाही. पार्कर यांनी तो दिखाऊ रंग खरवडून टाकला आणि खालचे लाकूड तेवढे ठेवले. घेणाऱ्याने घेतल्यापेक्षा जास्त परत केले, असे मी याबाबतीत बिनदिक्कत म्हणेन.

गंमत म्हणजे, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी पार्कर यांनी ‘नाउज द टाइम’ हा ब्लूज वाजवला. तीन वर्षांनंतर त्यातलीच सुरावट घेऊन सॅव्हॉयच्याच पॉल विल्यम्स या सॅक्सोफोनवादकाने ‘द हकलबक’ ही नाचाची तबकडी केली, आणि 1949 साली ती कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारात तुफान गाजली. रचनाकार म्हणून नाव लागले ते अँडी गिब्सन यांचे. पार्कर यांच्या पदरी काही पडले नाही. म्हणजे एकाच सत्रात हा माणूस एका गाण्याचा ऋणको होता आणि दुसऱ्या गाण्याचा धनको. दोन्ही तबकड्या शेजारी ठेवणाऱ्याला हे ऐकूच येते. शिवाय ‘को-को’च्या पियानोवर नेमके कोण बसले होते, ट्रम्पेट वाजवणारे डिझी गिलेस्पीच मध्ये उठून पियानोकडे जात होते की आणखी कोणी होता, यावर संग्राहकांनी दशकानुदशके वाद घातला आहे. असल्या वादाला मी फुकटचा म्हणत नाही, कारण त्यातूनच हे सत्र टेकमागून टेक ऐकण्याची सवय लागली.

सगळीच उसनवारी इतकी सुखाची नसते. ट्रम्पेटवादक मायल्स डेव्हिस यांच्या समाधिशिळेवर ‘सोलर’ या रचनेचे आरंभीचे स्वर कोरलेले आहेत. पुढे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गिटारवादक चक वेन यांचे 1946 सालचे ध्वनिमुद्रण पुढे आले, त्यात तीच चाल ‘सनी’ या नावाने वाजलेली आहे. येथे नवा कल्पनाविस्तार वगैरे बचाव चालत नाही, कारण घेतली ती चालच घेतली. लेबलवरच्या चुकीच्या नावाची दुरुस्ती करता येते, दगडावरच्या स्वरांची कशी करणार?

आपल्याकडे संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ छापलेली असे, म्हणजे हे पद कोणत्या ठाऊक असलेल्या गाण्यावर बेतले आहे ते वाचकाला आधीच कळे. एवढा सरळपणा चित्रपटसंगीतात उरला नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी 1950च्या ‘समाधी’त ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ दिले, त्याची चाल 1945च्या एका हॉलिवूडपटातल्या ‘चिको चिको’ या गाण्याची आहे. मूळ गाणे कार्मेन मिरांडा यांनी गायलेले. पोर्तुगालमध्ये जन्मलेली, ब्राझीलमध्ये वाढलेली ही गायिका पोर्तो रिकोच्या एका माणसावरचे गाणे अमेरिकन प्रेक्षकांना हवे तसे सोंग घेऊन गाते. मुंबईत आले ते आधीच हातोहात फिरलेले. पण याच सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, आणि 1951च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. गोव्याच्या कितीतरी वादकांच्या वाट्याला एवढेही आले नाही. त्यांनी सुरावटी लिहिल्या, वाद्यमेळ बांधले, आणि तबकडीवर नाव मात्र संगीतकाराचे लागले. ‘चिको चिको’च्या चालीपेक्षा ही उसनवारी मला जास्त गंभीर वाटते.

आता विडंबनाकडे वळतो, आणि येथे वाट निसरडी आहे. 1938 साली ड्युसेलडॉर्फमध्ये नाझींनी ‘भ्रष्ट संगीता’चे प्रदर्शन भरवले. त्याच्या भित्तिचित्रावर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाचे विद्रूप चित्र होते आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा सहा टोकांचा तारा. ऑगस्ट 1941 मध्ये हॅम्बर्गमध्ये स्विंग, म्हणजे त्या काळचे नाचाचे जॅझ, ऐकणाऱ्या, त्यावर नाचणाऱ्या तीनशेहून अधिक तरुणांची धरपकड झाली. आणि याच काळात गोबेल्स यांच्या प्रचारखात्याच्या पैशावर बर्लिनमध्ये एक उत्तम स्विंग बँड इंग्लंडसाठी प्रक्षेपण करत होता. ‘चार्ली अँड हिज ऑर्केस्ट्रा’ हे त्याचे नाव, लुट्झ टेम्प्लिन त्याचे प्रमुख आणि कार्ल श्वेडलर गायक. पहिले कडवे मूळ अमेरिकन गाण्याचे, इंग्रजीतच, गोडपणे म्हणायचे; मग शब्द बदलून चर्चिल, रूझवेल्ट आणि ज्यू यांची टवाळी सुरू करायची. डब्ल्यू. सी. हँडी यांचा ‘सेंट लुइस ब्लूज’ त्यांनी लंडनवरच्या बॉम्बवर्षावाची खिल्ली उडवायला वापरला. हँडी कृष्णवर्णीय होते. ज्याच्या संगीताला भ्रष्ट म्हणायचे, त्याचेच गाणे उचलून ज्यांच्यावर बॉम्ब पडत आहेत त्यांना ऐकवायचे, हा दुहेरी निर्लज्जपणा मला उसनवारीच्या दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात आढळत नाही.

या तबकड्या जर्मनीत दुकानात मिळत नव्हत्या. त्या थोड्या प्रतींत, प्रचाराच्या कामासाठी निघाल्या, आणि म्हणूनच युद्धानंतर संग्राहकांच्या हव्या असलेल्या रेकॉर्डच्या याद्यांवर आल्या. मग वाद उभा राहिला. एक पक्ष म्हणतो, वादन बघा, शब्दांकडे दुर्लक्ष करा. दुसरा म्हणतो, ही तबकडी विकणे म्हणजे तो प्रचार पुन्हा चालू करणे. मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. वादन आणि शब्द वेगळे काढता येत नाहीत, कारण वादनाचा गोडवा हाच त्या शब्दांचा गळ होता. वादन वाईट असते तर इंग्लंडमधल्या कोणी रेडिओ लावून ठेवला नसता. आणि ती तबकडी नष्ट केली, तर चांगल्या वादकांनी काय वाजवले याचा पुरावा आपण स्वतःच्या हाताने पुसतो. या वादकांपैकी काहीजण जर्मनीने व्यापलेल्या देशांतून आणलेले होते. त्यांना नकार देण्याची कितपत मुभा होती, हा प्रश्न नावे ठाऊक असतील तरच विचारता येतो. म्हणून माझे म्हणणे असे की, ही तबकडी हातोहात जावी, पण सोबतच्या कागदावर चाल कोणाची, बदललेले शब्द कशाबद्दल, पैसा कोणाचा हे लिहिलेले असावे. एखाद्या मैफलीत करमणूक म्हणून ती लावायला मात्र माझा सक्त विरोध आहे.

त्या काळातले एक छायाचित्र संग्राहकांच्या जगात प्रसिद्ध आहे. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये एका नाइटक्लबबाहेर जर्मन हवाई दलाच्या गणवेशातला अधिकारी उभा आहे आणि त्याच्यासोबत रोमा जमातीचे गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि काही कृष्णवर्णीय वादक आहेत. अधिकारी म्हणजे डीट्रिश शुल्ट्स-क्योन, जॅझचा मोठा संग्राहक आणि दलोने यांचा परिचित. दलोने स्वतः त्या वेळी प्रतिकार चळवळीत होते. तबकड्यांची आवड माणसाला कोणाच्याही शेजारी उभी करू शकते, आणि त्या आवडीने माणूस आपोआप सज्जन होत नाही, हे मानण्यासाठी मला हे एक चित्र पुरते.

मग बोचरे विडंबन जॅझला वर्ज्यच मानायचे काय? मुळीच नाही, आणि याचे उत्तर बासवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस देतात. 1957 साली आर्कान्सासचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाऊ न देण्यासाठी नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. मिंगस यांच्या 1959च्या ‘मिंगस आह अम’ या तबकडीवर ‘फेबल्स ऑफ फॉबस’ आहे, पण त्यात शब्द नाहीत. ती काढणाऱ्या कोलंबिया कंपनीला ते नको होते, असे म्हणतात. पुढच्याच वर्षी कँडिड या छोट्या कंपनीसाठी मिंगस यांनी तीच रचना शब्दांसह केली. त्यात ते ढोलवादक डॅनी रिचमंड यांना विचारतात, हास्यास्पद कोण आहे ते सांग, आणि रिचमंड गव्हर्नरांचे नाव घेतात. शब्द शिवराळ आहेत, नावे घेऊन केलेले आहेत, आणि त्यांनी कोणी दुखावले असेल तर ज्याच्या हातात सैनिक होते तो दुखावला. श्वेडलर यांचे शब्द सत्तेच्या खुर्चीवरून जिवाच्या भीतीत असलेल्यांवर टाकलेले आहेत, मिंगस यांचे शब्द त्या खुर्चीकडे भिरकावलेले आहेत.

या दोन आवृत्त्यांपैकी सरस कोणती, यावर रसिकांचे एकमत होत नाही. माझा कल कोलंबियाच्या मुक्या आवृत्तीकडे आहे, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. तिच्यात ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन अशी काही पावले टाकतात की सर्कशीतला विदूषक सेनापतीच्या ऐटीत चालला आहे असे वाटावे, आणि मध्येच चाल मवाळ होते तेव्हा ती टिंगल आणखी गडद होते. कँडिडच्या तबकडीवर चौघेच वादक आहेत, त्यामुळे तो वाद्यमेळाचा डौल तिथे नाही. पण रिचमंड यांचे उत्तर ज्या बेफिकिरीने येते, ते ऐकल्यावर पहिली तबकडी पुन्हा लावावीशी वाटते, आणि मग तिच्यातल्या प्रत्येक ट्रॉम्बोनच्या घसरणीखाली ते नाव ऐकू येऊ लागते.