हरकत घ्यायची ती खेपांवर

(एका तालुक्याच्या वसंत व्याख्यानमालेत निवृत्त बांधकाम अभियंत्यांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'दगडखाणींचा विस्तार आणि ग्रामस्थांच्या हरकती : कायदेशीर बाजू'. विषय मीच कळवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. वेळ पंचेचाळीस मिनिटं दिलाय. निवृत्त अभियंत्याला पंचेचाळीस मिनिटं म्हणजे नुसती प्रस्तावना. (हशा) पण कायद्यावर येतो, नक्की येतो.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे मागच्या रांगेतल्या क्रशरवाल्या मंडळींना निवांत बसता येईल. मी खाणींच्या विरोधात नाही. माझी सगळी नोकरी खडी मागण्यात गेली. वीस एमएम आली का, कच संपली का, मुरूम कुठवर आला, याच चौकशा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर झाला, त्याची खडी काही आभाळातून पडली नाही. या सभागृहाचा स्लॅबही कुठल्यातरी डोंगराचा तुकडाच आहे. तेव्हा 'खाणच नको' म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, घर कशाचं बांधलंत?

पण खाण इथेच का? मालकाचं ठरलेलं उत्तर, दगड इथे आहे म्हणून. अहो, दख्खनचा काळा पाषाण जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पहार मारली की तोच लागतो. खडीचं गणित दगडाचं नसतंच, डिझेलचं असतं. दगड स्वस्त, वाहतूक महाग, म्हणून खाण शहराला धरून राहते. पुण्याजवळची वाघोली बघा, मोशी बघा. शहर तिथवर पोचलं की खाण पुढच्या गावात. खाण तिथे येते जिथे जमीन मिळते आणि रस्ता फुकट मिळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आज मला सांगायचंय ते एवढंच आहे. बाकीचा वेळ मी एक गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट एका जनसुनावणीची, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या आधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायच्या बैठकीची. गावाचं नाव घेत नाही, कंपनीचं तर नाहीच. खाणीचं उत्पादन तिप्पट करायचं होतं आणि पट्टाही वाढवायचा होता. शाळेच्या मैदानावर मांडव. पुढे साहेबलोकांसाठी कूलर, मागे लोकांसाठी ऊन. 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होतं, सगळं रीतसर. आणि बरं का, या सुनावणीला कोरम लागत नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. 'आम्ही बहिष्कार टाकला' असं अभिमानाने सांगणारी गावं मला भेटतात तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो. बहिष्कार टाकलात म्हणजे कंपनीची दुपार मोकळी करून दिलीत.

तर तिथे कंपनीचे सल्लागार उभे राहिले. तरुण गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात ती लाल ठिपक्याची कांडी. पडद्यावर तक्ता आला, 'वाहतुकीवरील परिणाम : नगण्य'. अस्मादिक मागे बसलेले. तक्ता बघितला आणि हसूच आलं. कारण तो तक्ता कसा बनतो ते मला ठाऊक आहे. आम्हीच बनवत होतो.

रस्त्यावरची वाहनं मोजताना सगळ्यांना मोटारीच्या मापात आणतात. मोटार म्हणजे एक. सायकल अर्धी. ट्रक किंवा बस तीन; खडी वाहणारा मोठा डंपर, म्हणजे हायवा, तोही ट्रकच. ही मापं भारतीय रोड काँग्रेसची, 1990 च्या पुस्तिकेतली. आणि त्याच पुस्तिकेत बैलगाडी किती? सांगा बघू. कोणी म्हणतंय दोन... चार... (हशा) आठ! बैलगाडी आठ, ट्रक तीन. यामागे तर्क आहे, उगाच नाही. बैलगाडी हळू चालते, मागचा सगळा रस्ता तुंबवते. हे माप रस्ता किती अडला त्याचं आहे, माणूस किती घाबरला त्याचं नाही.

सल्लागारांनी हे जसंच्या तसं समजावून सांगितलं. तर एक म्हातारबुवा उठले. धोतर, टोपी, हातात कासरा धरायची सवय असलेले. म्हणाले, "साहेब, म्हंजी माझी एक गाडी बंद केली तर तुमचे पावणेतीन हायवा चालतील, आसंच ना?" आठ भागिले तीन, मंडळी. तोंडी. (टाळ्या, हशा) अध्यक्षसाहेबसुद्धा हसले. सल्लागार म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणता येईल. बुवा म्हणाले, "मग ल्हिवून घ्या."

आता खरी मेख. मी विचारलं, मोजणी कुठे केलीत? म्हणाले, फाट्यावर. फाटा म्हणजे कुठला? गावातला रस्ता जिथे राज्यमार्गाला मिळतो तो. चोवीस तास मोजली, कॅमेरे लावून मोजली, उत्तम काम. पण मोजली राज्यमार्गावर! तिथे दिवसाला हजारोंनी गाड्या. त्यात तुमचे शे-दोनशे हायवा कोणाला दिसणार? फाट्यापासून खाणीपर्यंतचा जो रस्ता, ज्याच्या एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला दूध डेअरी, ज्याची डांबरी पट्टी पावणेचार मीटर, त्यावर एकही माणूस मोजायला बसला नव्हता. हायवाची रुंदी अडीच मीटर. समोरून दुसरा आला की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं. आणि साइडपट्टीवर कोण असतं? दप्तर पाठीला लावलेली पोरं.

मी विचारलं, या रस्त्यावर का नाही मोजलं? उत्तर मिळालं, "तो प्रकल्पक्षेत्रात येत नाही." फाटाही येत नव्हता की! गट नंबरच्या आत धूळ मोजतात, आवाज मोजतात. क्रशरच्या यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर धुळीची मर्यादा 600 मायक्रोग्रॅम, तीही मोजतात. गेटबाहेर चाक पडलं की ती धूळ कोणाचीच नाही.

मग धुळीचा विषय निघाला तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले, रस्त्यावर रोज तीन वेळा पाणी मारू. मागून एका बाईंचा आवाज आला, "कुठल्या विहिरीचं?" मे महिना होता, गावालाच टँकर चालू होता. शांतता. साहेब म्हणाले, ते नियोजन करू. बाई म्हणाल्या, "मग आधी घरी पाठवा, उरलं तर रस्त्यावर मारा."

तीन तास चाललं हे. लोक बोलले, ओरडले, एकाने माइक खेचला. आणि शेवटी इतिवृत्त वाचलं गेलं. ऐका हं : 'ग्रामस्थांनी धूळ व वाहतुकीबाबत चिंता व्यक्त केली. प्रकल्पधारकाने योग्य उपाययोजना करण्याचे मान्य केले.' संपलं! बुवांचे पावणेतीन हायवा गेले, बाईंची विहीर गेली, माझा फाटा गेला.

लोक खुर्च्या उचलायला लागले होते. पण गावात एक निवृत्त कोर्ट-कारकून होते. ते म्हणाले, थांबा, वाचून दाखवताय ते कशासाठी? इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून समजावून सांगायचं आणि त्याच दिवशी सही करायची, असं अधिसूचनेतच आहे. सही व्हायच्या आधी आमचे प्रश्न प्रश्न म्हणूनच घाला. अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी हातानं लिहून तीन ओळी वाढल्या. त्यातली एक फाट्याची होती. मंजुरीचा प्रस्ताव तपासणाऱ्या वरच्या समितीने पुढे तीच उचलली आणि गावरस्त्यावरची मोजणी करून आणायला सांगितलं. तीन तासांच्या आरड्याओरड्याने झालं नाही ते या एका ओळीने केलं.

...चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे' आणि खाली दोन रेघा. एक रेघ असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. (हशा)

तर, कायदेशीर बाजू. भरभर घेतो, लिहून घ्या.

हरकतीत 'प्रचंड वाहतूक' लिहू नका, आकडा लिहा. अर्जात वार्षिक उत्पादन दिलेलंच असतं. समजा 1,20,000 ब्रास, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वर्षाचे 300 दिवस धरले तर दिवसाला 400 ब्रास. एक ब्रास खडी साधारण साडेचार टन. दहाचाकी हायवाचं कायदेशीर एकूण वजन 28 टनांच्या आसपास, रिकामी गाडी दहा-अकरा टन. म्हणजे माल बसतो चार ब्रास. दिवसाला शंभर भरलेल्या खेपा, शंभर रिकाम्या. दहा तासांत दोनशे. दर तीन मिनिटांना एक हायवा शाळेवरून.

कंपनी म्हणेल, छे, एवढ्या नाहीत, आम्ही सहा ब्रास भरतो. म्हणू द्या! आणि तेवढं वाक्य इतिवृत्तात घालायला लावा, कारण सहा ब्रास म्हणजे सरळ नऊ-दहा टन ओव्हरलोड. खेपा कमी दाखवायच्या तर ओव्हरलोड कबूल करावा लागतो, ओव्हरलोड नाकारला की खेपा वाढतात. दोन्हीकडून पकड बसते. आजच्या भाषणातलं एवढं एक घरी नेलंत तरी चालेल.

रस्ता. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 60 अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचणी झाली. त्यातून निघालं की अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या एका आसावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान सोळापट होतं. त्यावर मी एक तास बोलू शकतो, बोलत नाही. आपल्याकडे ग्रामीण रस्त्याची जाडी ठरवताना दहा वर्षांत 8.16 टनांचे किती अ‍ॅक्सल जाणार हे धरतात. मध्यम वर्दळीच्या गावरस्त्याला तो आकडा एक ते दोन लाख. कायद्यात राहून भरलेला एक हायवा अशा साधारण पाच अ‍ॅक्सलांएवढा मार देतो. शंभर खेपा, तीनशे दिवस, गुणिले पाच, वर्षाला दीड लाख. दहा वर्षांचा रस्ता वर्षभरात संपला. ग्रामसडकेच्या ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, त्यालाही हा हिशेब दाखवा. तुमच्या बाजूने तोच सगळ्यात मोठ्याने बोलेल.

पैसा. दगडाचं स्वामित्वधन, म्हणजे सरकारला द्यायची रॉयल्टी, 2021 पासून ब्रासला 600 रुपये. त्याच्या दहा टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जातात, म्हणजे ब्रासला 60. वरच्या उदाहरणात वर्षाला 72 लाख. ते खाणबाधित गावांसाठीच असतात. मग मागायचं काय, तर गाव टाळून जाणारा वेगळा रस्ता, आणि तो आधी, उत्पादनवाढ मग. ही अट मंजुरीपत्रातच घालून घ्या. तोंडी कबुलीला कोणी विचारत नाही.

पुरावा. आज किती खेपा चालतात ते अंदाजाने सांगू नका. गौण खनिजाच्या प्रत्येक गाडीला सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून वाहतूक पास निघतो, गाडीला जीपीएस सक्तीचं आहे. माहिती अधिकारात दहा रुपये भरून जिल्हा खनिकर्म कार्यालयाकडे वर्षभराच्या पासांची महिनावार संख्या मागा. मग डेअरीच्या ओट्यावर बसून तुम्ही आठवडाभर मोजा. दोन आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर आणखीच उत्तम. (हशा)

सुनावणी पाच हेक्टरपासून वर, ती नको म्हणून 4.9 हेक्टरचे खाणपट्टे पाडतात, एकाच घरातल्या चौघांच्या नावाने. पाच हेक्टरच्या आतल्यांनाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात 2012 साली सांगितलं. शिवाय एकमेकींपासून 500 मीटरच्या आतल्या खाणींचं क्षेत्र एकत्र धरायचं असतं. बेरीज पाचाच्या वर गेली की सुनावणी. नकाशा मागा, पट्टीने मोजा. अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या गावांनी 1996 चा पेसा कायदा काढून बसावं. गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी तिथे ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते.

सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते. तेवढ्या काळात अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो. ग्रामपंचायतीत तो कपाटात कुलपात असतो, किल्ली मागा. लेखी हरकती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पाचशे जणांच्या सह्यांचा एकच मजकूर देऊ नका, तो एक मुद्दा म्हणून मोजला जातो. शाळेने शाळेच्या वेळेचा लिहावा, डेअरीने दुधाच्या गाडीचा, रस्त्याकडेच्या बागायतदाराने पानावरच्या धुळीचा. प्रत्येकाने आपापली पोच घ्यावी, शिक्का आणि तारखेसकट.

सुरुंगाच्या हादऱ्यांचं राहिलंच. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात घरांसाठी मर्यादा आहेत, कमी कंपनसंख्येला सेकंदाला 5 मिलिमीटर. नोंदयंत्र खाणीच्या ऑफिसात नव्हे, सगळ्यात जवळच्या घराच्या पायाशी ठेवायला सांगा. भिंतीचे तारखेसह फोटो विस्ताराच्या आधी काढून ठेवा. बाकीचं प्रश्नोत्तरांत विचारा, अध्यक्ष उठून उभेच राहिलेत.