जोडीचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "याची जोड कुणाशी लागली रे?" जोड म्हणजे समोरचा, ज्याच्याशी भिडायचं तो. जाणती मंडळी वजन बघतात, उंची बघतात, मान आणि दंड डोळ्यांनीच तोलतात आणि दोन पैलवानांची जोड लावतात. मग हलगी कडाडते. एकदा हात मिळाला की लाल मातीत आपल्या बाजूने दुसरं कुणी उतरत नाही.

मी आज ज्या कुस्तीबद्दल बोलणार आहे, तिथे या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा होतो. तिथे जोडी म्हणजे एकाच बाजूने लढणारे दोघं. टॅग टीम. अमेरिकेतली ती व्यावसायिक कुस्ती, जिला आधी डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणायचे आणि 2002 पासून डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल आली, त्यांना वेगळं सांगायला नको. शाळेच्या दप्तरात पत्त्यांचा एक जोड असायचा, त्यावर मल्लांचे फोटो, उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून आम्ही ते पत्ते लावायचो. मला तेव्हापासून एकट्या विजेत्यापेक्षा जोड्याच जास्त आवडायच्या, आणि त्या जोड्यांच्या विजेतेपदाच्या पट्ट्याचा इतिहास मी आजही आवडीने वाचतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कुस्तीचा निकाल ठरलेला असतो. पण दहा-बारा फुटांवरून पडणारं शरीर खरंच पडतं. समोरच्याने नीट झेललं नाही तर मान मोडते. त्यामुळे निकाल ठरलेला असला तरी एकमेकांवरचा भरवसा मात्र अगदी खरा लागतो.

आता जरा रिंगच्या कोपऱ्याकडे बघूया. कोपऱ्यातल्या खांबापाशी हातभर लांबीची एक दोरी बांधलेली असते. जोडीतला एक जण आत लढतो, दुसरा दोराच्या बाहेर कडेवर उभा. बाहेरच्याने ती छोटी दोरी हातात धरायची आणि तिथूनच हात लांबवायचा. आतल्याने त्या हाताला हात लावला की टॅग झाला, मग तो बाहेर आणि हा आत. दोघं एकाच वेळी आत दिसले तर पंच पाच आकडे मोजतो, तेवढ्यात एकाने बाहेर जायचं. नियम इतकाच, पण सगळं नाट्य त्यातून उभं राहतं. आतला मार खाऊन खाऊन थकलेला असतो, कोपरांवर रांगत येतो. बाहेरचा दोरी ताणून, टाचा उचलून हात पुढे करतो. मध्ये वीतभर अंतर उरतं आणि नेमका तेव्हाच प्रतिस्पर्धी आतल्याचा पाय धरून त्याला मागे ओढतो. गादीवर कुस्ती खेळणाऱ्या आमच्या पिढीच्या पोरांना "टॅग दे, टॅग दे" ही हाक अजून आठवत असेल.

या जोड्यांसाठीचा जागतिक पट्टा सुरू झाला 1971 साली. तेव्हा कंपनीचं नाव होतं वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन आणि तिचा कारभार मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागात चालायचा. कंपनीच्या नोंदीनुसार 3 जून 1971 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ल्यूक ग्रॅहम आणि टार्झन टायलर हे पहिले विजेते ठरले. पुढे सत्तरच्या दशकात मिस्टर फुजी आणि प्रोफेसर तनाका या जोडीने तो तीनदा जिंकला. त्यांना जपानी म्हणून दाखवायचे. समोरच्याच्या डोळ्यांत मीठ फेकायचं ही त्यांची खोड. प्रत्यक्षात दोघंही हवाईचे, आणि तनाका तर अमेरिकी लष्करात नोकरी केलेला माणूस. तेव्हाच्या प्रेक्षकाला खलनायक परदेशी हवा असायचा, म्हणून स्वतःच्या देशातल्या माणसांना परकं करून उभं केलं जायचं. हे मला आजही खटकतं.

पण या पट्ट्याची खरी गोष्ट मला दिसते ती एका घराण्यात. सामोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा मुलूख. तिथल्या अनोआई घराण्यातले दोन सख्खे भाऊ, अफा आणि सिका. रिंगमध्ये त्यांचं नाव होतं वाइल्ड सामोअन्स. विस्कटलेले केस, अनवाणी पाय, आणि तोंडातून इंग्रजीचा एक शब्द नाही. 12 एप्रिल 1980 ला फिलाडेल्फियात आयव्हन पुट्स्की आणि टिटो सँटाना यांना हरवून त्यांनी हा पट्टा पहिल्यांदा घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बॉब बॅकलंड आणि पेद्रो मोरालेस यांनी त्यांना हरवलं. बॅकलंड त्या वेळी एकेरीचाही विजेता होता. एका माणसाकडे दोन्ही मान नकोत म्हणून जोडीचा पट्टा परत घेतला गेला आणि पुढच्याच महिन्यात स्पर्धा होऊन तो पुन्हा अफा-सिकाकडे आला. मार्च 1983 मध्ये त्यांनी तो तिसऱ्यांदा जिंकला.

आणि मग आली 15 नोव्हेंबर 1983 ची लढत, पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊन गावी. समोर होते टोनी ॲटलस आणि रॉकी जॉन्सन. अफा-सिकाचा व्यवस्थापक होता कॅप्टन लू अल्बानो. दाढीला रबरबँड बांधणारा, पोट सुटलेला, गळा फाडून ओरडणारा माणूस. डझनाहून जास्त जोड्यांना त्याने हा पट्टा मिळवून दिला. त्या दिवशी त्याने लाकडी खुर्ची उचलली, नेम धरला आणि ती बसली आपल्याच मल्लाच्या डोक्यात. रॉकी जॉन्सनने त्याचे खांदे गादीला टेकवले. दोघंच्या दोघं कृष्णवर्णीय असलेली विजेती जोडी या पट्ट्याला पहिल्यांदाच मिळाली.

रॉकी जॉन्सन म्हणजे आजचा नट ड्वेन जॉन्सन, ज्याला सगळे 'द रॉक' म्हणतात, त्याचे वडील. हा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याची आई पीटर मायव्हिया या सामोअन मल्लाची मुलगी, आणि पीटर मायव्हियाने अफा-सिकाच्या वडिलांना भाऊ मानलेलं होतं. आपल्याकडे मानलेला भाऊ सख्ख्याइतकाच असतो, तसंच तिथेही. म्हणजे पट्टा अफा-सिकाकडून गेला तो घरच्याच जावयाकडे! सोळा वर्षांनी, 1999 मध्ये, मॅनकाइंडच्या साथीने द रॉकने स्वतः हाच पट्टा जिंकला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चेहरा रंगवलेली डिमोलिशनची जोडी आली, ॲक्स आणि स्मॅश. रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम. 27 मार्च 1988 च्या चौथ्या रेसलमेनियात त्यांनी पट्टा घेतला. त्यांचा व्यवस्थापक कोण, तर तोच मीठ फेकणारा मिस्टर फुजी, आणि त्या दिवशी त्याची काठी कामाला आली. डिमोलिशनने पट्टा 478 दिवस राखला. हा विक्रम सत्तावीस वर्षं टिकला.

पुढे डिमोलिशनने गमावलेला पट्टा पुन्हा मिळवला, आणि मग त्यांच्याकडून तो गेला आंद्रे द जायंट आणि हाकू यांच्याकडे, डिसेंबर 1989 मध्ये. आंद्रेबद्दल बोलताना माझा आवाज थोडा खाली येतो. सात फुटांच्या आसपास उंचीचा तो माणूस तेव्हा आजारी होता. हाडं सतत वाढवणारा विकार, पाठीची दुखणी, दोराचा आधार घेतल्याशिवाय धड उभं राहवत नव्हतं. 1 एप्रिल 1990 ला टोरांटोच्या स्कायडोममध्ये डिमोलिशनशी परत लढत झाली. त्या लढतीत आंद्रे नियमाप्रमाणे एकदाही आत आला नाही. सगळी कुस्ती हाकू एकटा खेळला. जोडीच्या कुस्तीत हे शक्य असतं. एकाचं शरीर थकलं तर दुसरा त्याच्या वाटचं ओझं उचलतो, आणि बघणाऱ्याला कोपऱ्यात उभा असलेला तो डोंगर तेवढा दिसत राहतो. ते हरले. व्यवस्थापक बॉबी हीनन आंद्रेवर ओरडला आणि त्याने आंद्रेच्या थोबाडीत मारली. आंद्रेने त्याला धरलं, बदडलं आणि रिंगबाहेर घालवलं. हाकूलाही पिटाळलं. मग प्रेक्षकांच्या टाळ्यांत तो छोट्या गाडीवर उभा राहून एकटाच निघून गेला. पुढे तीन वर्षंही झाली नाहीत, जानेवारी 1993 मध्ये तो वारला.

1994 मध्ये पट्टा पुन्हा अनोआई घरात आला. अफाचा मुलगा सामू आणि अफा-सिकाच्या बहिणीचा मुलगा फाटू, ही हेडश्रिंकर्सची जोडी. कोपऱ्यात अफा होता, आणि कोण परत आला होता सांगू? कॅप्टन लू अल्बानो. अकरा वर्षांपूर्वी ज्याची खुर्ची चुकली होती, तोच. पुढच्या वर्षी याच घराण्यातला महाकाय योकोझुना ओवेन हार्टबरोबर विजेता झाला.

2000 च्या आसपास या पट्ट्याने जी उंची गाठली ती नंतर फारशी दिसली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्डी बंधू, एज आणि ख्रिश्चन, डडली बॉइज, अशा तीन जोड्या. टेबलं, शिड्या आणि खुर्च्या. पट्टे छताखाली टांगायचे, शिडीवर चढून जो काढेल तो जिंकला. 1 एप्रिल 2001, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम. शिडी निसटली आणि जेफ हार्डी वर टांगलेल्या पट्ट्यांना धरून हवेत लोंबकळत राहिला, पाय अधांतरी. बाजूच्या उंच शिडीवर एज उभा होता. त्याने तिथून उडी घेतली, हवेतच जेफच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं एकत्र खाली आदळले. ही दोन-तीन सेकंदांची गोष्ट आहे. मी ती कितीदा पाहिली असेन! जेफच्या शरीराचं वजन त्या क्षणी एजच्या हाती होतं, आणि ते दोघं तर प्रतिस्पर्धी होते. एजने अशा कुस्त्यांची किंमत मोजली. 2003 मध्ये त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि 2011 मध्ये मानेपायीच त्याला निवृत्त व्हावं लागलं. नऊ वर्षांनी तो परतला, पण ती वेगळी कथा.

नंतरच्या काळात कंपनीने रॉ आणि स्मॅकडाउन या आपल्या दोन टीव्ही कार्यक्रमांसाठी दोन पट्टे केले. 2009 मध्ये ते एकत्र केले, आणि 16 ऑगस्ट 2010 ला 1971 चा मूळ पट्टा कायमचा बंद करून 2002 मध्ये सुरू झालेला दुसरा तेवढा ठेवला. एकोणचाळीस वर्षांचा वारसा असा सहज मिटवला, हे मला अजिबात पटलेलं नाही. डिमोलिशनचा 478 दिवसांचा आकडा न्यू डे या मल्लांच्या गटाने डिसेंबर 2016 मध्ये मागे टाकला. त्यांनी नवा पट्टा 483 दिवस राखला.

आणि मग आले उसो. जिमी आणि जे, जुळे भाऊ. सामोअन भाषेत भाऊ आपल्या भावाला 'उसो' म्हणतो. हे दोघं हेडश्रिंकर्समधल्या फाटूचे, म्हणजे पुढे रिकिशी नावाने गाजलेल्या मल्लाचे मुलगे. अफा-सिका म्हणजे त्यांच्या वडिलांचे मामा. तोवर दोन कार्यक्रमांचे पुन्हा दोन पट्टे झाले होते. 18 जुलै 2021 ला त्यांनी स्मॅकडाउनचा जोडीचा पट्टा जिंकला, पुढच्या मे महिन्यात रॉचाही घेतला, आणि पहिला पट्टा तब्बल 622 दिवस सोडला नाही. त्यांच्या पाठीशी होता सिकाचा मुलगा रोमन रेन्स. घराचा कर्ता म्हणून तो सगळ्यांना धाकात ठेवायचा. या कुटुंबात सामी झेन हा बाहेरचा माणूस शिरला, त्यांच्यातला होऊ बघत होता. शेवटी जुना मित्र केविन ओवेन्सला मारायची वेळ आली तेव्हा त्याने हातातली खुर्ची रोमनच्याच पाठीत घातली. 1 एप्रिल 2023 ला कॅलिफोर्नियात झेन आणि ओवेन्सने उसोंना हरवलं. जोडीच्या पट्ट्यासाठीची लढत रेसलमेनियाच्या रात्रीची शेवटची, मानाची लढत झाली ती तेव्हा पहिल्यांदा. बावन्न वर्षं जोडीचा पट्टा दुय्यम समजला गेला होता. त्या रात्री त्याच्यानंतर कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्यानंतर भाऊ फुटले. 6 एप्रिल 2024, चाळिसावा रेसलमेनिया. गाव फिलाडेल्फिया, जिथे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी अफा आणि सिकाने पहिला पट्टा कमरेला बांधला होता. यावेळी कोपऱ्यातली ती छोटी दोरी धरायला कुणी उभं नव्हतं. रिंगमध्ये फक्त जिमी आणि जे. आपल्या जत्रेतल्या कुणी विचारलं असतं, "जेची जोड कुणाशी लागली?" तर उत्तर आलं असतं, सख्ख्या भावाशी. जे जिंकला.

त्याच वर्षी जूनमध्ये सिका गेला. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अफा.

नमस्कार.