ताईंचा आवाज शेवटी निवडला

नमस्कार, श्रोतेहो.

एक तीन शब्दांचं वाक्य घेऊ. "तिने मला पाहिलं." कोणी विचारलं, "कोणी पाहिलं तुला?" तर उत्तर देताना तुमचा जोर आपोआप 'तिने'वर जातो. "तिने कोणाला पाहिलं?" म्हटलं, की तोच जोर 'मला'वर सरकतो. आणि "पाहिलं, की नुसतं ऐकलं?" असं विचारलं, तर 'पाहिलं'वर येऊन बसतो. शब्द तेच, क्रम तोच. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. लहान मुलंसुद्धा अगदी बिनचूक करतात.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एका यंत्राने हीच करामत करून दाखवली होती. तिथलं इंग्रजी वाक्यही तीनच शब्दांचं होतं. निवेदक प्रश्न विचारायचा, यंत्र जोर बदलून उत्तर द्यायचं आणि लोक थक्क व्हायचे. यंत्राचं नाव व्होडर. बेल प्रयोगशाळेतल्या होमर डडली यांनी ते बनवलं होतं. त्याच्यापुढे एक तरुणी बसलेली असे. दहा बोटं दहा पट्ट्यांवर. मनगटाखाली एक दांडी: ती एका बाजूला असली की स्वरांची घरघर, दुसऱ्या बाजूला असली की 'स', 'श'ची सळसळ. आणि पायाखाली एक पट्टी, आवाज चढवायला-उतरवायला. हे सगळं एकाच वेळी जमायला साधारण वर्षभर शिकावं लागे. लोकांना वाटायचं यंत्र बोलतंय. बोलत होती ती. पायाने.

आज त्या खुर्चीत कोणी बसत नाही. तरी आजच्या विषयाचं, म्हणजे यंत्राच्या आवाजात बोलणाऱ्या पात्रांना स्वभाव कसा द्यायचा याचं, सगळं कोडं मला त्या रिकाम्या खुर्चीत दिसतं.

पूर्वी यंत्राचा आवाज म्हणजे कोणा माणसाच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे कापून जोडलेले असायचे, आणि जोड कानाला बोचायचा. मग २०१६ साली डीपमाइंड या कंपनीच्या वेव्हनेट नावाच्या प्रणालीने ध्वनीचे सेकंदाला १६,००० नमुने एकामागून एक भाकीत करत अख्खी लहर घडवून दाखवली. तिथून पुढे आवाज झपाट्याने माणसासारखे झाले. श्वास आला, ओठांची उघडझाप आली. पण हे यंत्र शिकतं कशावरून? असंख्य लोकांच्या बोलण्यावरून. वेगळं काही सांगितलं नाही, तर ते प्रत्येक वाक्य बहुतेक लोक जसं म्हणतील तसं म्हणतं. आणि 'बहुतेक लोक' नावाचा माणूस, श्रोतेहो, तुम्हाला कधी भेटलाय? मला तो यंत्रातूनच भेटला. सदा हसतमुख, सदा ताजातवाना, मृत्यूची बातमी आणि साबणाची जाहिरात एकाच सुरात सांगणारा.

मी श्राव्य मालिका लिहिते. गेल्या वर्षी खगोलशास्त्रावर एक छोटी मालिका करायची होती, आणि निवेदन यंत्राच्या आवाजात असावं असं ठरलं. मीही सगळे करतात तेच केलं. आवाजांची यादी उघडली. उबदार. विश्वासू. तरुण आणि उत्साही. प्रौढ आणि गंभीर. दोन दिवस आवाज ऐकण्यात घालवले, एक निवडला आणि पहिला भाग तयार केला. तो असा सुरू व्हायचा: "नमस्कार मित्रांनो! आज आपण निघणार आहोत एका अद्भुत प्रवासाला! सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला लागतात तब्बल ८ मिनिटं आणि २० सेकंद!"

ध्वनिमुद्रण बघणारा माझा सहकारी शांतपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "अगं, पण हे बोलतंय कोण?"

मी आवाजाचं नाव सांगितलं.

"ते नाही गं. कोण?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आवाजाचा पोत आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५ मध्ये श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली. पुढे यंत्राचा जो आवाज जगाने 'हॉकिंगचा आवाज' म्हणून ओळखला, त्याचा मूळ साचा डेनिस क्लॅट या संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. म्हणजे आवाज एकाचा आणि माणूस दुसराच. शिवाय तो आवाज सपाट, धातूचा वाटावा असा. पुढे कितीतरी चांगले आवाज आले, पण हॉकिंग यांनी तो बदलला नाही, कारण आता तोच त्यांचा आवाज झाला होता. मग त्या सपाट आवाजात माणूस कुठून आला? वाक्यांतून. नंतरच्या काळात गालाच्या स्नायूच्या हालचालीने शब्द निवडून एकेक वाक्य तयार करावं लागे. इतक्या कष्टाने बोलणारा माणूस पाल्हाळ लावत नाही. तो विनोद करतो तोही मोजक्या शब्दांत, आणि यंत्र तो अगदी निर्विकारपणे म्हणतं, म्हणून आणखीच हसू येतं.

तेव्हा मी आवाजांची यादी बंद केली आणि वही उघडली.

मालिकेसाठी एक बाई सुचल्या. निवृत्त मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं छापायला जाण्याआधी तपासली. खगोलशास्त्रातली पदवी नाही, पण त्या विषयाची इतकी मुद्रितं डोळ्यांखालून गेली की सगळं पाठ झालंय. आम्ही त्यांना नाव दिलं नाही, नुसतं 'ताई' म्हणायला लागलो. मी वहीत त्यांचं वय, रंगरूप, बालपण असलं काही लिहिलं नाही. पात्राचं पानभर चरित्र लिहायची पद्धत आहे, पण त्यातलं एक अक्षरही ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जात नाही असा माझा अनुभव आहे. मी लिहिलं ते वेगळंच. त्यांच्या लक्षात आधी काय येतं? चूक. कशाची चीड आहे? नको तिथे वापरलेल्या विशेषणांची. कोणता शब्द त्या मेल्या तरी उच्चारणार नाहीत? 'अद्भुत'. ऐकणाऱ्याला काय म्हणतात? 'तुम्ही'. 'मित्रांनो' कधीच नाही, ओळख झाल्याशिवाय मैत्री कसली? आणि चुकल्या तर? तिथल्या तिथे खोडून दुरुस्त करतात, लाजत नाहीत, कारण चूक सापडणं हाच त्यांच्या जन्माचा आनंद.

आता तीच माहिती ताई सांगतात, ती ऐका.

"आठ मिनिटं वीस सेकंद. सुमारे. हा 'सुमारे' गाळू नका बरं का. पृथ्वीची कक्षा काही अगदी गोल नाही, अंतर कमीजास्त होतं. तर समजा, सूर्य आत्ता विझला… नाही, विझणार नाहीये, उगाच कोणाला घाबरवायला नको. पण समजा. तर आपल्याला आठ मिनिटं पत्ताच लागणार नाही. आपण आपले उन्हात उभे."

अजून आवाज निवडलेलाच नाही, श्रोतेहो. मी माझ्याच आवाजात वाचतेय. तरी बाई दिसल्या ना?

यातलं बरंच काम छोट्या शब्दांनी केलं. 'बरं का', 'ना', 'हं', 'की', 'तर'. आपल्या भाषेत स्वभाव या शब्दांत राहतो. "तुम्ही आलात ना?" म्हणणारा काळजीत असतो, "तुम्ही आलात की!" म्हणणारा आनंदात, आणि "तुम्ही आलातच?" म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. यंत्राकडून संहिता लिहून घेतली की पहिल्यांदा हेच शब्द गळून पडतात. उरतं ते निबंधाचं मराठी. मी तर सहायकाला सांगूनच ठेवलंय: ताईंच्या कुठल्याही परिच्छेदात असा एकही शब्द नसेल तर कागद परत पाठव.

मग आवाज. तो निवडायला दहा मिनिटं लागली, कारण आता काय शोधतोय ते माहीत होतं. यादीत ज्याच्यापुढे कोणतंच गोड विशेषण नव्हतं, असा एक किंचित कोरडा आवाज घेतला.

पुढचं काम सूचना देण्याचं. पूर्वीपासून यासाठी खुणांची भाषा आहे. तिचं पहिलं अधिकृत प्रमाण २००४ साली आलं. त्यात विराम किती, स्वर किती चढवायचा, जोर कुठे, हे खुणांनी लिहून देता येतं. आता अनेक यंत्रांना साध्या भाषेतही सांगता येतं, आणि तिथेच लोक फसतात. 'दुःखी स्वरात म्हण' असं सांगितलं, तर यंत्र रडवेलं होतं. नाटकाच्या तालमीत चांगला दिग्दर्शक नटाला 'दुःखी हो' म्हणत नाही, तो परिस्थिती सांगतो. आम्हीही तसंच करायला लागलो. 'उत्साहाने' हा शब्द काढला आणि लिहिलं, 'निघायची घाई आहे, पण ही एक चूक दाखवल्याशिवाय पाय निघत नाही.' फरक लगेच कानावर आला. प्रत्येक वेळी नाही, हेही सांगते. तेच वाक्य, तीच सूचना, आणि यंत्र दर वेळी निराळं म्हणतं. म्हणून महत्त्वाची वाक्यं आम्ही सहा-सात वेळा म्हणवून घ्यायचो आणि एक ठेवायचो. ती निवड, माझ्या मते, त्या व्होडरवाल्या तरुणीच्या पायाचं काम आहे.

विरामांबद्दल थोडं जास्त सांगते. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होतं, त्यातलं अंतर अनेक भाषांमध्ये मोजलं गेलंय. ते सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद निघालं. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, पापणी लवायच्या आत. पण सरासरीत स्वभाव नसतो. कोण समोरच्याचं वाक्य तोडतो, कोण उत्तर माहीत असूनही थांबतो, ते स्वभावाचं. यंत्र बहुधा सगळे विराम एका मापाचे घेतं. आमच्या ताई आकडा सांगण्याआधी थांबतात, मनात पडताळून पाहिल्यासारख्या. नंतर नाही, आधी. नंतर थांबल्या असत्या तर टाळ्यांची वाट बघतायत असं वाटलं असतं. एवढी एकच गोष्ट, पण तिसऱ्या भागापासून लोक तो विराम ओळखायला लागले.

एक फजिती सांगायलाच हवी. ताईंचा आवडता शब्द मी ठरवला होता 'जरा'. "जरा थांबा", "जरा बघू". आता 'जरा' म्हणजे थोडं, यातला 'ज' दंततालव्य, 'जमतं', 'जवळ' यातला. आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, त्यातला तालव्य, 'जल' यातला. अक्षर एकच, त्यामुळे यंत्राला कळेना. ते प्रत्येक वेळी "म्हातारपण थांबा" म्हणायचं. 'चार' आणि 'चारा' यांतही हीच रड. काही यंत्रांना उच्चार ध्वनिलिपीत लिहून देता येतो, आमच्याला येत नव्हता. दुसऱ्या कोणाच्या तोंडी हे खपलं असतं, पण मुद्रितशोधकाच्या तोंडी? शेवटी ताईंचा आवडता शब्द बदलून 'थोडं' केला. अजूनही हळहळ वाटते.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात. यात खरं काय आहे? यंत्राला ना बालपण, ना चीड. बरोबर आहे. ताईंची चीड माझी आहे, विराम माझ्या सहकाऱ्याचा आहे. पण ऐकणारा समोर माणूस उभा करतोच. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला, जो समोरच्याचीच वाक्यं उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तरी लोक त्याला मनातलं सांगायला लागले, आणि त्याने वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले. म्हणून आमच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सांगितलं जातं, की हा आवाज यंत्राचा आहे. ते ताईच सांगतात, एका ओळीत. त्यांनी लपवलं असतं तर त्या ताई राहिल्या नसत्या.

आणि आवाज ज्याचा, त्याला विचारा. सुझन बेनेट या निवेदिकेने २००५ साली महिनाभर वाक्यं ध्वनिमुद्रित केली होती. २०११ मध्ये आयफोनमधली सिरी बोलायला लागली, तेव्हा 'अगं, ही तूच ना?' हे त्यांना एका सहकाऱ्याने कळवलं. आता तर थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही आवाज उभा करता येतो. परवानगीचा कागद आधी, बाकी सगळं नंतर, यावर माझ्याकडे चर्चा नाही.

मालिका पुढे सरकली तशी दुसरीच अडचण आली. संहितेचा कच्चा मसुदा मी भाषेच्या यंत्राकडून करून घ्यायचे, आणि त्यात ताई दर भागागणिक मवाळ होत चालल्या. सगळ्यांशी सहमत, सगळ्यांचं कौतुक. या यंत्रांचा ओढाच तसा असतो, कडेचं माणूस हळूहळू मध्ये सरकतं. म्हणून वही जवळ ठेवायची आणि दर भागाआधी त्यातली ताईंची नावड पुन्हा वाचायची.

तरी बाराव्या भागात निसटलंच. शनीच्या कड्यांवरच्या मसुद्यात ताईंच्या तोंडी चक्क 'अद्भुत' आला होता, आणि ते माझ्या लक्षात आलं ते आवाज तयार होऊन ऐकताना. मी खोडायला हात पुढे केला. सहकारी म्हणाला, "थांब, राहू दे. पुढे एक वाक्य घाल."

प्रसारित झालं ते असं. "शनीची कडी म्हणजे बर्फाचे आणि खडकांचे तुकडे, धुळीच्या कणापासून घराएवढे. दुर्बिणीतून पाहिलं तर अद्भुत…" मग विराम. "हा शब्द कोणी घातला?"